उन्हानं भाजलेला निवडुंग स्वतःला कसा सावरतो

तीन वर्षांपूर्वी मार्चअखेरीस मी एका नर्सरीतून गोल्डन बॅरल आणला. नारळाएवढा, गोल, पिवळ्याधमक काट्यांचा. कॅक्टस म्हणजे वाळवंटातलं झाड, त्याला ऊन हवंच, या समजुतीनं तो थेट गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यात ठेवला. सहाव्या दिवशी त्याच्या एका अंगाला पांढुरका चट्टा उमटला. पंधरवड्यात चट्टा तांबूस झाला, मग खाकी, आणि हाताला वाळक्या लाकडासारखा टणक लागायला लागला. मेक्सिकोच्या केरेतारो भागातल्या उघड्या डोंगरउतारांवर वाढणारं हे झाड माझ्या गच्चीवर आठवड्याभरात भाजलं. तेव्हापासून या झाडांचं आणि उन्हाचं नातं समजून घेण्याचा मी प्रयत्न करतोय, आणि जितकं कळलं तितका या झाडांबद्दलचा आदर वाढला.

पहिली गोष्ट अशी की ऊन कॅक्टसलाही बाधतं. उन्हातून तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि तिन्हींचा त्रास वेगळा असतो.

एक म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाश. हरितद्रव्य तो शोषतं आणि त्या ऊर्जेवर साखर तयार होते. पण साखर बनवण्याच्या वेगाला मर्यादा असते. भर दुपारी जेवढी ऊर्जा येऊन पडते तेवढी खपत नाही. ही शिल्लक ऊर्जा पेशीतल्या ऑक्सिजनला मिळाली की त्याची अतिशय आक्रमक रूपं तयार होतात, आणि ती प्रथिनं, पेशींचे पडदे, खुद्द हरितद्रव्य, सगळ्याची नासधूस करतात. माझ्या बॅरलचा पांढुरका चट्टा म्हणजे जळून गेलेला हिरवा रंग होता.

दुसरी उष्णता. आंब्याचं किंवा पिंपळाचं पान उन्हात घाम गाळतं, म्हणजे आपल्या रंध्रांतून पाण्याची वाफ सोडतं आणि थंड राहतं. कॅक्टसला ही चैन परवडत नाही. दिवसा तो रंध्रं बंद ठेवतो, त्यामुळे त्याचं अंग हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापू शकतं. तिसरी गोष्ट अतिनील किरणं. ती डीएनएच्या साखळीतल्या शेजारशेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटवून टाकतात, आणि मग पेशीला स्वतःचाच मजकूर नीट वाचता येत नाही.

या तिन्हींना तोंड देत अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोरन वाळवंटात काही झाडं दीडशे-दोनशे वर्षं उभी असतात. त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे सग्वारो. चित्रांत वर हात केलेला उंच कॅक्टस दिसतो तोच हा. लिहायचं सग्वारो, पण तिथले लोक म्हणतात सवारो; मीही पुढे तसंच लिहितो.

रात्रीचा श्वास

सवारोचं संरक्षण काट्यांपासून सुरू होतं असं मला आधी वाटायचं. खरं तर ते रात्रीपासून सुरू होतं.

साखर बनवायला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो घ्यायला रंध्रं उघडावी लागतात. दिवसा उघडली तर आतलं पाणी उडून जाणार. म्हणून कॅक्टस ती रात्री उघडतो, जेव्हा हवा थंड आणि त्या मानानं दमट असते. रात्रभर घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींतल्या पिशव्यांमध्ये साठवतो. हे तेच आम्ल, ज्यामुळे कच्चं सफरचंद आंबट लागतं. सकाळी रंध्रं मिटतात, आणि दिवसभर दाराआड ते आम्ल फोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड उन्हाच्या ऊर्जेवर साखरेत बदलला जातो.

या पद्धतीची एक जुनी नोंद भारतातली आहे. बेंजामिन हाइन हे मद्रासकडे काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आपल्याकडे अंगणात सहज दिसणाऱ्या पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर चांगलंच आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं, हे त्यांनी पाहिलं आणि लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं. ते १८१५ मध्ये छापून आलं. पानफुटी कॅक्टस नाही, पण तिची रीत तीच. (चाखून बघण्याच्या फंदात मात्र पडू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.)

आता याचा ऊन लागण्याशी काय संबंध? दिवसा रंध्रं बंद असताना आम्ल फुटतं, तेव्हा झाडाच्या आत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट साठतो. त्यामुळे साखरेचा कारखाना जोरात चालतो आणि येणाऱ्या प्रकाशाला काम मिळतं. वर म्हटलेली शिल्लक ऊर्जाच कमी उरते. म्हणजे रात्री साठवलेलं आम्ल हे दिवसाच्या उन्हाविरुद्धचं कवच आहे. ते संपलं की झाड उघडं पडतं. फारच कडक दुष्काळ पडला तर कॅक्टस रात्रीही रंध्रं उघडत नाही. स्वतःच्याच श्वसनातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा वापरतो. वाढ शून्य, पण यंत्रणा हळू का होईना फिरत राहते आणि उन्हानं जळत नाही. अशा स्थितीत कित्येक जाती महिनोन्‌महिने तग धरतात.

काटे, कंगोरे आणि लव

बाहेरचा बंदोबस्त आपल्याला दिसतो, पण तो कशासाठी आहे हे पटकन लक्षात येत नाही. काट्यांचंच घ्या. काटे म्हणजे मुळात पानं. पिढ्यान्‌पिढ्यांत त्यांचं रूप बदललं. जनावरांपासून बचाव हे त्यांचं काम आहेच, पण दाट काट्यांच्या जातींत ते सावलीही देतात. टेडी बेअर चोया नावाच्या कॅक्टसवर फिक्या सोनेरी काट्यांचं इतकं दाट आवरण असतं की लांबून तो मऊ लोकरीचा वाटतो. त्या आवरणामुळे खालच्या हिरव्या सालीवर थेट ऊन फार कमी पोचतं. या सावलीची किंमतही मोजावी लागते: प्रकाश कमी म्हणजे साखर कमी, वाढ कमी. मेक्सिकोतल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या एका कॅक्टसनं तर काट्यांचे लांब पांढरे केसच केले आहेत, ते ऊन परतवतात.

सवारोच्या अंगावर उभे कंगोरे असतात. पाऊस पडला की ते हार्मोनियमच्या भात्यासारखे फुगतात आणि साल न फाटता शेकडो लिटर पाणी आत मावतं. हेच कंगोरे उन्हात एकमेकांवर सावली धरतात. सूर्य सरकतो तशी सावलीही खोबणींतून सरकते, त्यामुळे सालीचा एकच भाग सतत भाजत नाही. शिवाय वाढलेल्या पृष्ठभागावरून वाऱ्याला उष्णता वाहून न्यायला जास्त जागा मिळते.

उभा आकार हीसुद्धा मोठी युक्ती आहे. डोक्यावरच्या सूर्याला उभ्या खांबाचा फक्त माथा सापडतो. पण नेमका माथ्यावरच वाढीचा कोंब असतो, सगळ्यात नाजूक भाग. म्हणून तिथे मऊ लव आणि काट्यांचा गुच्छ दाट असतो. थंडीत हाच गुच्छ कोंबाला दव-गारठ्यापासूनही वाचवतो. आपल्याकडचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतलाच. त्याच्या जातभाईंच्या फड्या पुष्कळदा पूर्व-पश्चिम तोंड करून उभ्या राहतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन सपाट अंगावर आणि दुपारचं फक्त कडेवर. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातले कोपियापोआ दुपारच्या सूर्याकडे, तिथल्या हिशेबानं उत्तरेकडे, झुकून वाढतात. त्यामुळे लवेनं झाकलेला माथा ऊन झेलतो आणि बाजूंवर ते कमी पडतं. त्यांच्या अंगावर राखेसारखा मेणाचा लेपही असतो. टेक्सास-मेक्सिको सीमेवरचा एक दगडासारखा दिसणारा छोटा कॅक्टस तर मुळं आखडून स्वतःला जमिनीत ओढून घेतो. वर फक्त माथा राहतो आणि बाकी अंग दगडगोट्यांच्या गारव्यात.

रंगाबद्दल थोडं. तुमचा हिरवा कॅक्टस उन्हाळ्यात किंवा पाण्याच्या ताणानं लालसर, जांभळा झाला तर घाबरू नका. बीटरूटला लाल करणाऱ्या रंगद्रव्यांच्या कुळातलीच द्रव्यं तो सालीत भरतो आणि ती आतल्या हरितद्रव्यावर गॉगलसारखं काम करतात. लाली म्हणजे झाड तयारी करतंय. पांढरं-पिवळं पडणं म्हणजे तयारी कमी पडली.

आत चाललेली दुरुस्ती

एवढं करूनही ऊन आत पोचतंच. तिथे पेशींचा रोजचा दुरुस्तीचा उद्योग चालू असतो, आणि मला तो सगळ्यात थक्क करणारा भाग वाटतो.

हरितद्रव्याच्या सोबतीला पिवळी-केशरी रंगद्रव्यं असतात. ऊन वाढलं की त्यांतलं एक काही मिनिटांत आपलं रूप बदलतं आणि जास्तीची ऊर्जा साध्या उष्णतेच्या रूपात बाहेर टाकायला मदत करतं. ऊन उतरलं की पुन्हा मूळ रूपात येतं. प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेच्या मध्यभागी डी-वन नावाचं एक प्रथिन असतं. ते उन्हात सतत तुटतं. सगळ्याच हिरव्या वनस्पतींत तुटतं. झाड तुटलेला तुकडा काढून नवा बसवतं, दिवसभर, न थांबता. तुटण्याचा वेग आणि बसवण्याचा वेग जोवर सारखे आहेत तोवर बाहेरून काहीच दिसत नाही. दुरुस्ती मागे पडली की उत्पादन मंदावतं, आणि ती फारच मागे पडली की चट्टा.

डीएनएमध्ये चिकटलेल्या कड्या सोडवायलाही वनस्पतींकडे एक खास विकर (एन्झाइम) आहे. त्याला ताकद मिळते निळ्या प्रकाशातून. म्हणजे ज्या उन्हानं डीएनए बिघडवला, त्याच उन्हातला दुसरा रंग वापरून झाड तो दुरुस्त करतं. माणसाकडे हे विकर नाही. आपल्याला त्याच कामासाठी वेगळी, अधिक लांबची पद्धत वापरावी लागते.

उष्णतेशी सामना सवयीनं होतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पार्क नोबेल यांनी कॅक्टसच्या अनेक जातींवर यासाठी वर्षानुवर्षं मोजमापं केली. बहुतेक झाडांच्या पेशी ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मरतात. कॅक्टसच्या कित्येक जातींच्या पेशी मात्र ६० अंशांच्या पुढेही तासभर जिवंत राहिल्या. पण केव्हा? आधी त्यांना वाढत्या तापमानाची सवय लावली तेव्हा. सवय लागणं म्हणजे पेशींच्या पडद्यांची घडण बदलणं, प्रथिनांचा आकार सांभाळणारी खास मदतनीस प्रथिनं तयार होणं. याला दिवस, कधी आठवडे लागतात. माझा बॅरल नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेला होता. त्याच्याकडे जात होती वाळवंटाची, तयारी सावलीची होती.

जखम भरते, डाग राहतो

पेशी मेल्या की त्या पुन्हा हिरव्या होत नाहीत. इथे झाडाचं बरं होणं आपल्यापेक्षा वेगळं आहे. आपल्याला खरचटलं तर खपली पडते आणि खाली नवी कातडी येते. कॅक्टसमध्ये मेलेल्या भागाच्या खालच्या जिवंत पेशी पुन्हा विभागायला लागतात आणि बुचाच्या पेशींचे थर रचतात. बाटलीचं बूच ज्या द्रव्यामुळे पाणी अडवतं, तेच मेणचट द्रव्य या पेशींच्या भिंतींत भरलेलं असतं. थर पुरा झाला की आतलं पाणी बाहेर जात नाही आणि बुरशी आत येत नाही. मेलेला भाग तिथेच राहतो, भिंतीच्या बाहेर. खाकी, टणक डाग म्हणजे ही भिंत. तो दिसला तर समजावं की झाडानं आपलं काम पुरं केलं आहे.

ही भिंत किती पक्की असते ते सवारोवर बघायला मिळतं. हीला वुडपेकर नावाचा सुतार पक्षी सवारोच्या खोडात ढोली कोरतो. कोरली की लगेच राहायला जात नाही, काही महिने थांबतो. तेवढ्या काळात सवारो त्या पोकळीला आतून चहूबाजूंनी कठीण अस्तर लावतो. पुढे सवारो मरतो, गर कुजून जातो, सगळं विरघळतं, आणि ते अस्तर मात्र जमिनीवर पडलेल्या लाकडी बुटासारखं शाबूत राहतं. तिकडे त्याला सवारोचा बूटच म्हणतात. तिथले मूळ रहिवासी तोहोनो ओओदम लोक त्याचा भांड्यासारखा उपयोग करत. जखमेचा साचाच तो, झाडाहून जास्त टिकलेला.

पण बुचाचा थर जखमेपुरता असला तर ठीक. सालीवर सगळीकडे पसरत गेला तर झाडाची रंध्रंच बुजतात, आणि रात्रीचा श्वास अडतो. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहराजवळच्या जुन्या सवारोंची पाहणी करणाऱ्यांना दिसलं की खोडाची दक्षिणेकडची बाजू सगळ्यात आधी तपकिरी, खरबरीत होते. उत्तर गोलार्धात वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडून तळपतो, त्या बाजूला दशकानुदशकं जास्त ऊन बसतं. म्हणून तिकडे सवारो एका जागेवरून दुसरीकडे हलवताना जाणकार लोक त्याच्या दक्षिण अंगावर खूण करतात आणि नव्या जागी तेच अंग दक्षिणेला येईल असं लावतात. उत्तरेचं कोवळं अंग अचानक दक्षिणेला आलं तर शंभर वर्षांचा सवारोही भाजतो.

रात्र गरम झाली तर

२०२३ मध्ये ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त होतं. म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या वर. त्या काळात तिथले सवारो हात गाळू लागले, काही मुळासकट आडवे झाले. डेझर्ट बोटॅनिकल गार्डन या तिथल्या वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी बोट दाखवलं ते रात्रींकडे. सलग १६ रात्री पारा ३२ अंशांच्या खाली उतरला नव्हता. सिमेंट आणि डांबर दिवसभराची उष्णता रात्री सोडतात, त्यामुळे शहर रानापेक्षा जास्त तापलेलं राहतं.

आता वरची साखळी आठवा. रात्र गार नसेल तर रंध्रं नीट उघडत नाहीत, उघडली तर पाणी जातं. आम्ल साठत नाही. श्वसनात मात्र साठा वेगानं जळतो. शिवाय पाण्यानं भरलेलं टनभर वजनाचं खोड दिवसा हळूहळू तापतं ते रात्री निवण्याच्या भरवशावर. तो भरवसाच राहिला नाही तर ते पुढच्या दिवसाची सुरुवातच तापलेल्या अंगानं करतं. सवारो ४३ अंशांचा दिवस सोसू शकतो. सोबत विसाव्याची रात्र लागते.

आपल्याकडे

महाराष्ट्रात हा प्रश्न आता फक्त हौशी लोकांच्या कुंड्यांपुरता उरलेला नाही. सांगली, सोलापूरकडच्या कमी पावसाच्या भागांत ड्रॅगन फ्रूटच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. ड्रॅगन फ्रूट कॅक्टसच आहे, पण मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर चढून, गाळीव उन्हात वाढणारा. त्याच्या फांद्यांना ना दाट काटे, ना लव. एप्रिल-मेमध्ये त्या पिवळ्या पडतात, भाजतात, आणि भाजलेल्या जागेतून बुरशी शिरून सड लागते. म्हणून शेतकरी शेडनेट लावतात किंवा केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी करतात. कोपियापोआच्या राखाडी मेणाचं काम इथे केओलिन करतं. बारामतीजवळ माळेगावला असलेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेतही या पिकावर काम झालं आहे.

घरच्या कॅक्टसबद्दल माझा अनुभव सांगतो. नवं झाड आणलं की आधी सकाळचं दोन तास ऊन, मग दर आठवड्याला थोडं वाढवत तीन-चार आठवड्यांत पूर्ण ऊन. एप्रिल-मेला आपण जपतोच, पण ऑक्टोबरला विसरतो. चार महिने ढगांखाली राहिलेलं झाड उन्हाची सवय गमावून बसतं, आणि पाऊस उघडल्यावर अचानक कडक ऊन पडतं. माझे आणखी दोन कॅक्टस तेव्हाच भाजले. लाल-पिवळ्या डोक्याचे जे कलमी कॅक्टस बाजारात मिळतात, त्यांच्या डोक्यात हरितद्रव्यच नसतं, त्यांना कायम सावलीत ठेवा. चट्टा पडला तर हळद, तेल, मलम काही लावू नका, तो भाग खरवडूही नका. जागा बदला आणि कोरडा राहू द्या. बोटानं दाबून मात्र बघा. टणक आणि कोरडा असेल तर ऊन लागलंय आणि भिंत तयार होतेय. मऊ, ओलसर, पसरत जाणारा असेल तर ती सड आहे, तो भाग निरोगी गर दिसेपर्यंत स्वच्छ सुरीनं कापावा लागतो. अगदी बुडाशी, सगळ्या बाजूंनी सारखी चढत जाणारी खाकी साल बहुधा वयाची असते.

सोनोरन वाळवंटात सवारोची रोपं उघड्यावर क्वचितच जगतात. तिथली जमीन उन्हाळ्यात ७० अंशांपर्यंत तापते, आणि आठ वर्षांचं रोपसुद्धा जेमतेम तीन-चार सेंटिमीटर उंच असतं. त्याच्याकडे उष्णता सोसायला ना अंगात पाणी, ना उंची. जी जगतात ती पालो व्हेर्दे किंवा मेस्कीटसारख्या झाडांच्या सावलीत. दाई-झाडं म्हणतात त्यांना. पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, तोवर दाई-झाड बहुतेकदा मरूनही गेलेलं असतं.

हे कळल्यावर मी बॅरल गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यातून उचलला आणि कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीच्या पूर्वेला ठेवला. सकाळचं ऊन त्याला मिळतं, दुपारी कढीपत्त्याची सावली. नवी वाढ माथ्यातून येते, त्यामुळे डाग दरवर्षी थोडा खाली सरकतो. या वर्षी तो माथ्यापासून चार बोटं खाली आहे, आणि वरचे कंगोरे स्वच्छ हिरवे.